दीड अब्ज वर्षांच्या विश्वातली अलकनंदा

दक्षिण आकाशात शिल्पकार नावाचा एक फिकट तारकासमूह आहे. नुसत्या डोळ्यांना तिथे नजर खिळून राहावी असा एकही ठळक तारा सापडत नाही. खगोलशास्त्रज्ञ मात्र आपल्या दुर्बिणी पुन्हा पुन्हा त्या भागाकडे वळवतात, कारण तिथे एबेल २७४४ हा शेकडो दीर्घिकांचा समूह आहे. ‘पँडोराचा समूह’ या नावानेही तो ओळखला जातो. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या इथल्या छायाचित्रांत समूहातल्या दीर्घिकांची दाटी दिसते आणि त्यांच्या कितीतरी मागे हजारो बारीक ठिपके विखुरलेले दिसतात. त्यांतला एक ठिपका मोठा करून पाहिला, की मधोमध उजळ, गोलसर गाभा दिसतो. गाभ्याच्या दोन विरुद्ध बाजूंनी निघून एकाच दिशेने वळत गेलेल्या दोन भुजा दिसतात, आणि त्या भुजांवर ओळीने तेजस्वी गाठी.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी ही दीर्घिका हेरली, तिचा अभ्यास केला आणि तिला हिमालयातल्या नदीवरून ‘अलकनंदा’ हे नाव दिलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी अँड अ‍ॅस्ट्रोफिजिक्स’ या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचायला १२ अब्ज वर्षांहून जास्त काळ लागला आहे. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. म्हणजे आपण पाहतो ती अलकनंदा विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असतानाची. तो प्रकाश निघाला तेव्हा आपला सूर्य जन्माला यायला साडेसात अब्ज वर्षं अवकाश होता.

एवढ्या दूरचं काही दिसलं याचंच नवल वाटणं साहजिक आहे. पण अंतराच्या शर्यतीत अलकनंदा पहिली नाही. वेबने विश्व सुमारे ३० कोटी वर्षांचं असतानाच्या दीर्घिकाही टिपल्या आहेत. अलकनंदेचं नवल आहे ते तिच्या नीटनेटकेपणात. आणि ते नवल किती मोठं मानायचं हे ठरवायला एक हिशेब आधी करावा लागतो: तिच्याबद्दल जे सांगितलं जातं त्यातलं प्रत्यक्ष दिसलेलं किती, गणिताने काढलेलं किती आणि मोजायचं राहिलेलं किती.

भुजा टिकतात कशा?

दीर्घिकेला भुजा असतात हे माणसाला कळलं तेव्हा दीर्घिका म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. १८४५ मध्ये आयर्लंडमधल्या बर किल्ल्याच्या आवारात लॉर्ड रॉस यांनी सहा फूट व्यासाच्या आरशाची अजस्र दुर्बीण उभी केली आणि श्यामशबल तारकासमूहातल्या एम ५१ या धूसर डागात त्यांना भोवऱ्यासारखा आकार दिसला. त्यांनी तो हाताने रेखाटून ठेवला. असे सर्पिल डाग आपल्याच आकाशगंगेतले तेजोमेघ आहेत की तिच्या बाहेरच्या स्वतंत्र वसाहती, हा वाद पुढची सत्तर-पंच्याहत्तर वर्षं चालला. १९२३ मध्ये एडविन हबल यांना देवयानीच्या सर्पिलात सेफीड जातीचा रूपविकारी तारा सापडला. त्यावरून अंतर निघालं आणि वाद मिटला. देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली.

मग दुसरा पेच उभा राहिला. दीर्घिकेची तबकडी एकसंध फिरत नाही. गाभ्याजवळचे तारे एक फेरी लवकर पूर्ण करतात, कडेच्या ताऱ्यांना जास्त वेळ लागतो. आपला सूर्य गाभ्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं दूर आहे आणि त्याला एका फेरीला २२ ते २५ कोटी वर्षं लागतात. भुजेत कायम तेच ते तारे असते, तर काही फेऱ्यांतच भुजा गुंडाळत गेल्या असत्या आणि आकार पुसला गेला असता. प्रत्यक्षात विश्वात सर्पिल दीर्घिका मुबलक आहेत.

१९६४ मध्ये सी. सी. लिन आणि फ्रँक शू यांनी यावर उत्तर सुचवलं. घाटात एखादा कंटेनर रखडत चढत असेल तर त्याच्यामागे गाड्यांची कोंडी होते. एकेक गाडी कोंडीत शिरते, सरकत सरकत पुढे जाते आणि कंटेनरला ओलांडून वेग घेते. गाड्या बदलत राहतात, कोंडी मात्र कंटेनरच्या चालीने वर सरकत असते. सर्पिल भुजा ही तशी घनतेची लाट आहे. तारे आणि वायू तिच्यात येतात, काही काळ दाटीने राहतात आणि पुढे निघून जातात. दाटीत वायू दाबला जातो आणि त्यातून नवे तारे जन्मतात. त्यांतले सर्वांत वजनदार तारे निळेशार तळपतात आणि लाट ओलांडून दूर जाण्याआधीच संपतात. म्हणूनच भुजा एवढ्या उजळ दिसतात.

या लाटेला एक अट आहे. तबकडी पातळ आणि शांत हवी, म्हणजे बहुतेक तारे आणि वायू आपापल्या कक्षेत शिस्तीने फिरत असले पाहिजेत. जो तो भलत्या दिशेने धावत असेल तर लाट उमटत नाही, उमटली तरी विरते. सर्पिल दीर्घिकांतही दोनच ठळक, सममित भुजा असलेल्या थोड्याच. बाकीच्यांच्या भुजा तुटक, अनेक फाट्यांच्या असतात. दोन ठळक भुजांच्या या प्रकाराला इंग्रजीत ‘ग्रँड डिझाइन’ म्हणतात. एम ५१ या प्रकारातली आणि अलकनंदाही.

गोंधळ खरा होता की नजरेचा?

कोवळ्या विश्वात अशी शिस्त असेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं, आणि त्याला कारणं होती. तेव्हा विश्व लहान होतं, दीर्घिका एकमेकींजवळ होत्या आणि त्यांच्या टकरा वरचेवर होत. बाहेरून थंड वायूचे लोंढे येऊन पडत, ताऱ्यांचे जन्म आणि स्फोट यांनी तो घुसळून निघे. अशा धामधुमीत तबकडी स्थिरावायला काही अब्ज वर्षं लागत असावीत, असा हिशेब होता.

हबल दुर्बिणीने तो हिशेब पक्का केल्यासारखा वाटला. डिसेंबर १९९५ मध्ये सप्तर्षीतल्या एका चिमुकल्या, रिकाम्या वाटणाऱ्या जागेकडे ती दहा दिवस रोखून ठेवली आणि त्या एका चित्रात सुमारे तीन हजार दीर्घिका उमटल्या. त्यातल्या दूरच्या दीर्घिका बहुतांशी वेड्यावाकड्या, गाठाळ निघाल्या. बिनचूक भुजा असलेली अशी एखादीच. २०१२ मध्ये बीएक्स४४२ ही विश्व तीन अब्ज वर्षांचं असतानाची सर्पिल दीर्घिका जाहीर झाली तेव्हा ती अपवाद म्हणूनच गाजली.

पण या चित्रांत एक मेख होती. विश्व प्रसरण पावतं तसा वाटेतला प्रकाशही ताणला जातो, त्याची तरंगलांबी वाढते. यालाच रेडशिफ्ट म्हणतात. अलकनंदेची रेडशिफ्ट ४.०५ आहे, म्हणजे तिच्याकडून आलेली प्रत्येक तरंगलांबी ५.०५ पट लांब झाली आहे. हबल दुर्बीण १.७ मायक्रॉनपर्यंतचा प्रकाश पाहू शकते. त्याला ५.०५ ने भागलं तर ०.३४ मायक्रॉन येतात आणि तो झाला अतिनील प्रकाश. थोडक्यात, एवढ्या दूरच्या दीर्घिकेकडे पाहताना हबलला फक्त तिचा अतिनील प्रकाश मिळतो. अतिनीलमध्ये झळकतात ते नुकते जन्मलेले धगधगते तारे, आणि ते पुंजक्यापुंजक्यांनी जन्मतात. जुने तारे, ज्यांनी तबकडीचा सांगाडा बनतो, ते त्यात जवळपास उमटतच नाहीत. आजच्या धडधाकट सर्पिल दीर्घिकासुद्धा अतिनीलमध्ये बऱ्याच फाटक्या दिसतात.

दुसरी अडचण फिकेपणाची. प्रसरणामुळे दूरच्या दीर्घिकेच्या पृष्ठभागाचा उजेड तरंगलांबीच्या ताणाच्या चौथ्या घाताने घटतो. ५.०५ चा चौथा घात ६५०. आपल्या शेजारी असती तर अलकनंदा जेवढी उजळ दिसली असती त्याच्या साडेसहाशेव्या हिश्शाने ती दिसते. भुजा मुळातच गाभ्यापेक्षा फिक्या असल्यामुळे आधी त्याच अंधारात बुडतात.

वेबने या दोन्ही अडचणींवर मात केली. तिचा आरसा ६.५ मीटरचा, हबलचा २.४. ती जवळच्या अवरक्तात पाच मायक्रॉनपर्यंत तपशीलवार छायाचित्रं घेते, म्हणजे अलकनंदेच्या बाबतीत जवळपास एका मायक्रॉनपर्यंतचा मूळ प्रकाश. त्यात अतिनील आहे, दृश्य प्रकाश सगळा आहे आणि थोडं अवरक्तही आहे. अशा प्रकाशात भुजा दिसल्या, म्हणून त्यांवर विश्वास ठेवता येतो.

भिंगाची मदत

आकाशात अलकनंदेचा पसारा दीडएक आर्कसेकंदाचा आहे. पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीत तशा सुमारे बाराशे शेजारी शेजारी बसतील. दोन मायक्रॉनच्या आसपास वेबला ०.०७ आर्कसेकंदाच्या जवळपासचा तपशील सुटा दिसतो, म्हणजे अलकनंदेच्या चित्रात आडवे वीसएक तपशील मावतात. भुजा ओळखायला एवढं पुरतं. त्या गाठींमधला एकटा तारा पाहायचा तर विचारच सोडावा.

वेबच्या जोडीला इथे निसर्गाचं भिंगही आहे. एबेल २७४४ हा समूह अलकनंदेपेक्षा कितीतरी अलीकडे आहे. त्याचा प्रकाश साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी निघालेला. समूहातल्या दीर्घिका, तापलेला वायू आणि सर्वांत मोठा वाटा असलेलं कृष्णद्रव्य यांचं गुरुत्वाकर्षण मागून येणारा प्रकाश वळवतं आणि एकवटतं. दीर्घिकांचे समूह असे भिंग ठरतील हे फ्रित्झ झ्विकी यांनी १९३७ मध्येच सांगून ठेवलं होतं. या भिंगामुळे अलकनंदा सुमारे दुप्पट उजळ दिसते. समूहाच्या ऐन मागे असणाऱ्या दीर्घिका दहापट किंवा त्याहून अधिक उजळतात खऱ्या, पण ताणून कमानीसारख्या होतात आणि त्यांचा मूळ आकार गणिताने पुन्हा जुळवावा लागतो. दुपटीची वाढ बेताची असल्याने अलकनंदेचा आकार फारसा बिघडला नाही.

या भागाच्या पाहणीचा प्रकल्प ‘अनकव्हर’ या नावाने ओळखला जातो आणि त्याची छायाचित्रं जगभरच्या संशोधकांसाठी खुली आहेत. पुण्यातल्या दोघांनी दुर्बिणीवर वेळ मागून घेतला नव्हता. सगळ्यांच्या हाताशी असलेल्या माहितीत त्यांनी ही दीर्घिका शोधली.

रंगावरून अंतर

अलकनंदा किती दूर आहे हे कुणी फूटपट्टी लावून मोजलेलं नाही, हे उघडच आहे. पण तिची रेडशिफ्ट वर्णपटावरून काढलेली नाही, हे कमी जणांच्या लक्षात येतं. ती रंगांवरून काढली आहे.

पद्धत अशी. दुर्बिणीपुढे एकामागून एक फिल्टर लावायचे, प्रत्येकातून ठरावीक पट्ट्यातलाच प्रकाश येऊ द्यायचा आणि दीर्घिका किती उजळ दिसते ते नोंदवायचं. अलकनंदेसाठी हबल आणि वेब मिळून वीसच्या वर फिल्टरांतली मोजमापं हाती होती. आता दीर्घिकेच्या प्रकाशात काही ठरलेल्या खुणा असतात. वाटेतला हायड्रोजन ०.०९१ मायक्रॉनच्या अलीकडचा अतिनील प्रकाश जवळपास पूर्ण गिळतो. ही कडा ५.०५ पट ताणली की ०.४६ मायक्रॉनवर येते, म्हणून त्याहून निळ्या फिल्टरांत दीर्घिका गायब होते. ताऱ्यांच्या वातावरणातल्या हायड्रोजनमुळे ०.३६ मायक्रॉनपाशी उजेडात पायरी पडते. ती सरकून १.८४ वर जाते. नव्या ताऱ्यांभोवतीचा वायू ०.६५६ मायक्रॉनची लालभडक रेषा सोडतो, ती ३.३ मायक्रॉनच्या फिल्टरमधला उजेड वाढवते. या सगळ्या खुणा एकाच ताणात नेमक्या बसतील असा आकडा शोधायचा. अलकनंदेसाठी तो ४.०५ आला.

फिल्टर चार-पाचच असते तर चुकीला वाव राहिला असता, कारण धुळीने लाल झालेली जवळची दीर्घिका आणि खरोखर दूरची दीर्घिका मोजक्या रंगांत सारख्या दिसू शकतात. वीसच्या वर फिल्टर, त्यातले बरेच अरुंद, म्हणजे जवळजवळ ढोबळ वर्णपटच. रेडशिफ्ट एकदा मिळाली की विश्वाच्या प्रसरणाच्या गणितातून बाकीचे आकडे ओळीने येतात: तेव्हा विश्वाचं वय दीड अब्ज वर्षं, प्रकाशाचा प्रवास १२ अब्ज वर्षांहून थोडा जास्त, आणि दरम्यान अवकाश पसरत गेल्यामुळे आजघडीला अलकनंदा आपल्यापासून सुमारे २४ अब्ज प्रकाशवर्षं दूर. कोनीय आकारावरून भिंगाचा परिणाम वजा करून तिचा व्यास येतो सुमारे ३० हजार प्रकाशवर्षं, आपल्या आकाशगंगेच्या तबकडीचा साधारण तिसरा हिस्सा.

साठ सूर्यांचं वर्ष

त्याच फिल्टरांतून तिचं वजन आणि वयही काढलं आहे. वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या धुळीच्या काल्पनिक दीर्घिकांचे रंग संगणकावर तयार करायचे आणि कुठल्याचे रंग मोजमापांशी जुळतात ते पाहायचं. अलकनंदेत ताऱ्यांच्या रूपात सुमारे १० अब्ज सूर्यांएवढं वस्तुमान भरलं. ताऱ्यांच्या जन्माचा वेग वर्षाला सुमारे ६० सूर्य. आपल्या आकाशगंगेत आज वर्षाला दोन-तीन सूर्यांएवढेच तारे जन्मतात, म्हणजे अलकनंदेचा वेग वीसपटीहून कमी नाही. तिथल्या निम्म्याअधिक ताऱ्यांचं वय फक्त २० कोटी वर्षांच्या आत भरतं.

हे आकडे एकमेकांशी पडताळून पाहता येतात. वर्षाला ६० सूर्य या वेगाने २० कोटी वर्षं काम चाललं तर १२ अब्ज सूर्यांएवढं वस्तुमान ताऱ्यांत जातं. त्यातले वजनदार तारे लवकर मरतात आणि आपला वायू परत करतात, म्हणून शिल्लक राहते ती १० अब्जांच्या घरातली. आता आकाशगंगेच्या वेगाने, वर्षाला दोन सूर्य, एवढे तारे बनवायचे ठरवले तर पाच अब्ज वर्षं लागली असती. अलकनंदेच्या वेळी विश्वाचं वयच दीड अब्ज वर्षांचं होतं! इतक्या कमी वेळात एवढा पसारा उभा राहिला, तो घाईघाईनेच. आणि एवढ्या घाईत उभ्या राहिलेल्या तबकडीवर भुजा मात्र सुबक उमटल्या.

या आकड्यांचा भरवसा आकाराएवढा पक्का धरता येत नाही. प्रकाशाचा मोठा भाग थोड्या वजनदार ताऱ्यांकडून येतो, वजनाचा मोठा भाग असंख्य लहान ताऱ्यांत असतो. लहान-मोठ्या ताऱ्यांचं जे प्रमाण आपल्या परिसरात दिसतं तेच तिथेही होतं, असं गृहीत धरून हे गणित मांडलेलं असतं. धुळीने किती उजेड अडवला याचाही अंदाजच. दहा अब्जांच्या जागी सात किंवा बारा निघाले तर आश्चर्य नाही, पण एक अब्ज निघणार नाहीत.

उरलेला वेग

दोन भुजा दिसल्या, रेडशिफ्ट निघाली, वजन आणि जन्मदर मिळाले. राहिला वेग. छायाचित्रात अलकनंदा स्थिर आहे. ती फिरते हे भुजांच्या वळणावरून आपण म्हणतो, मोजून नव्हे. मोजण्यासाठी वर्णपट हवा, तोही दीर्घिकेच्या वेगवेगळ्या भागांचा सुटा. फिरणाऱ्या तबकडीची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते, आणि त्यामुळे एकाच वायूची रेषा दोन बाजूंना किंचित वेगळ्या तरंगलांबीवर पडते. वेबवर असे वर्णपट घेण्याची सोय आहे. चिलीतल्या अटाकामा वाळवंटातल्या ‘अल्मा’ दुर्बिणीसमूहाला थंड वायूचा वेग मोजता येतो. २०२१ मध्ये याच अल्माने बीआरआय १३३५-०४१७ या, विश्व १.४ अब्ज वर्षांचं असतानाच्या दीर्घिकेतल्या वायूत सर्पिल रचना आणि फिरणं दोन्ही दाखवलं होतं. त्यामुळे अलकनंदेचा काळ अगदीच अशक्य कोटीतला नाही, हे आधीच सूचित झालं होतं.

मोजायचे दोन आकडे असतील. तबकडी किती वेगाने फिरते आणि तिच्यातला वायू स्वतःशी किती अस्ताव्यस्त हलतो. पहिला आकडा दुसऱ्याच्या कितीतरी पट निघाला, तर तबकडी पातळ आणि शांत आहे, भुजा घनतेच्या लाटेच्या आहेत आणि त्या काही काळ टिकल्या असणार. मग थंड वायू सावकाश, शिस्तीत येऊन तबकडी बसवतो ही कल्पना दीड अब्ज वर्षांच्या विश्वालाही लागू पडते आणि तबकडी स्थिरावायला अब्जावधी वर्षं लागतात हा जुना हिशेब दुरुस्त करावा लागतो. दोन्ही आकडे जवळपास सारखे निघाले, तर तबकडी अजून घुसळत आहे आणि भुजा एखाद्या लहान शेजारी दीर्घिकेच्या ओढीने उठल्या असाव्यात, असा तर्क बळावेल. एम ५१ च्या भुजांमागेही तिच्या लगतच्या लहान दीर्घिकेचा हात मानला जातो. अशा भुजा लवकर विरतात. तसं असेल तर आपण अलकनंदेला तिच्या आयुष्यातल्या एका नेमक्या, थोडक्या काळात गाठलं आहे.

एका दीर्घिकेवरून कुठलाही सिद्धांत मोडत नाही. पण ‘कोवळं विश्व म्हणजे निव्वळ गोंधळ’ हे वाक्य आता कुणाला सरसकट लिहिता येणार नाही, कारण त्याला एक ठसठशीत अपवाद छायाचित्रात उभा आहे. तो अपवाद नियमातच जमा करायचा की बाजूला ठेवायचा, हे त्या दोन वेगांच्या गुणोत्तरावर ठरेल.